प्रकल्प नोंदी: मराठीत मागणं कसं मागतात

एम. ए. भाषाविज्ञान, तिसरं आणि चौथं सत्र. शाखा प्रॅग्मॅटिक्स (बोलण्याचा प्रसंगानुसार लागणारा अर्थ पाहणारी). नोंदी तारीखवार आहेत, चुकांसकट.

४ जुलै

विषय ‘मराठी भाषकांची विनम्रता’ असा आला होता. छाटून ‘बोली मराठीतली मागणी’ एवढाच ठेवला. विनम्रता हातात घेतली की पहिलं सत्र व्याख्येत जातं आणि दुसऱ्या सत्रात दाखवायला उदाहरणंच नसतात. एकच भाषिक कृती धरायची: समोरच्याकडून वस्तू किंवा काम मागणं. माहिती विचारणं बाहेर. ‘किती वाजले?’ आत घेतलं तर जगातला प्रत्येक प्रश्न आत येईल.

ठिकाणं तीन: घरचं स्वयंपाकघर, किराणा-भाजीचं दुकान, कॉलेजजवळचं झेरॉक्सचं दुकान. घरात ओळख पूर्ण, किराण्यात अर्धी, झेरॉक्सला जवळजवळ नाहीच. (या मांडणीत एक खोट आहे. ती जानेवारीत सापडली.)

‘विनंती’ हा शब्द टाळला. तो उच्चारला की अर्ज आठवतो, नाहीतर पत्राच्या तळाचं ‘लोभ असावा, ही विनंती’. मीठ मागताना कोणी विनंती करत नाही. म्हणून सगळीकडे ‘मागणी’. शास्त्राचं नाव मात्र प्रॅग्मॅटिक्सच ठेवलं. त्याचे मराठी प्रतिशब्द दोन-तीन फिरतात, पण त्यातला कुठलाही वर्गात बोलला जात नाही.

१८ जुलै

सिद्धान्ताचं वाचन संपवायची तारीख आज होती. जे खरोखर कामाला येणार तेवढंच टिपलं. ऑस्टिन (व्याख्यानं १९५५, पुस्तक १९६२) आणि सर्ल (१९६९) यांच्याकडून भाषिक कृती. सर्लच्याच १९७५ च्या लेखातून अप्रत्यक्ष कृती, म्हणजे विचारलं एक आणि हवंय दुसरं. ग्राइसची सहकार्याची सूत्रं (छापील रूप १९७५) इथे फक्त सूचकपणाच्या भागात लागतील. ब्राउन आणि लेव्हिन्सन यांचं प्रतिमा-संरक्षणाचं, म्हणजे स्वतःचा आणि समोरच्याचा मान राखण्याचं, प्रारूप (१९७८, स्वतंत्र पुस्तक १९८७) मात्र टाळता येत नाही. त्यांची मुख्य सामग्री इंग्रजी, तमिळ आणि त्सेल्ताल (मेक्सिकोतली एक माया भाषा) या भाषांची. मागणीचं ओझं तीन गोष्टींवर ठरतं असं ते मांडतात: समोरच्याची सत्ता, दोघांतलं अंतर आणि मागितलेल्या गोष्टीचा भार.

हे प्रारूप मराठी घरात नेऊन बघितलं तर पहिल्याच पायरीवर ठेच लागते. बऱ्याच घरांत आई ‘ए आई, तू’ आणि बाबा ‘अहो बाबा, तुम्ही’. आजी तू, आजोबा तुम्ही. सत्ता आणि अंतर मोजून हा फरक येत नाही. आजीपुढे बाबांचंही काही चालत नसलं तरी आजी तूच. शिवाय शेजारच्याच घरात बाबाही ‘तू’ असतात. हा घराण्याचा रिवाज आहे, प्रत्येक वाक्यागणिक केलेली निवड नव्हे. तेव्हा तू-तुम्ही हा विनम्रतेचा निर्देशक म्हणून मोजायचा नाही. प्रत्येक जोडीसाठी तो एकदाच नोंदवायचा, आणि मोजायचं ते त्यातलं विचलन. रोज ‘तू’ म्हणणारी मुलगी पैसे मागताना ‘मातोश्री, कृपा कराल का?’ म्हणते, तिथे काहीतरी घडतंय.

२७ जुलै

संमतीपत्रं. संस्थेच्या नीती समितीला लागतं ते असं: मराठीतलं एक पान, तोंडी संमतीचा पर्याय, माघार घेण्याची मुदत, आवाजाची फाइल कुठे आणि किती दिवस राहणार. पहिला मसुदा परत आला. ‘आपल्या संभाषणाचे ध्वनिमुद्रण भाषिक विश्लेषणासाठी वापरले जाईल’ हे वाक्य किराण्याच्या काउंटरवर कोणी वाचणार नाही. नवीन वाक्य: ‘इथलं बोलणं दुपारी ४ ते ६ रेकॉर्ड होतंय. तुमचं नको असेल तर सांगा, काढून टाकू.’ हा कागद काउंटरवर चिकटवायचा आणि मालकानं गिऱ्हाइकाला तोंडानंही सांगायचं.

दुकानात लहान मुलं येतात (‘आईनं अर्धा किलो रवा सांगितलाय’). त्यांची संमती पालकांकडून घ्यावी लागते आणि पालक तिथे नसतात. अशी सगळी बोलणी वगळायची. वाईट वाटतं, कारण मुलांच्या मागणीत दुसऱ्याचं नाव पुढे करण्याची जी पद्धत दिसते ती मोठ्यांत क्वचितच. पण वगळायचीच.

९ ऑगस्ट

प्रसंगपूर्ती प्रश्नावली. प्रसंग लिहून द्यायचा, खाली रिकामी ओळ, ‘इथे तुम्ही काय म्हणाल?’ सत्तेच्या तीन पातळ्या, ओळखीच्या दोन, भाराच्या दोन: ३ × २ × २ = १२ प्रसंग. मागणी नसलेले ४ प्रसंग मध्ये पेरायचे, म्हणजे काय तपासतोय ते लगेच उघड होत नाही. एकूण १६. त्यापुढे गेलं की शेवटची उत्तरं ‘दे’, ‘द्या’ एवढ्यावर येतात. अर्ध्या प्रतींत क्रम उलटा ठेवायचा.

पाच जणांवर चाचणी घेतली आणि मसुदा फेकला. कारण पुढचा प्रसंग:

‘तुमच्या शेजारच्या काकू दारात उभ्या आहेत. तुम्ही त्यांच्याकडे शिडी मागता.’

जे तपासायचं ते प्रश्नानंच सांगून टाकलंय. ‘शेजारच्या’, ‘उभ्या आहेत’, ‘त्यांच्याकडे’ अशी तीन आदरार्थी बहुवचनं आहेत, त्यामुळे उत्तरात ‘तुम्ही’ येणारच. ‘मागता’ हे क्रियापदही आहे, त्यामुळे उत्तरात ‘मागायची होती’ येतं. ‘शेजारची काकू’ केलं तर प्रश्न ‘तू’कडे ढकलतो. इंग्रजी प्रश्नावलीचं भाषांतर करणाऱ्याला हा खड्डा दिसत नाही, कारण तिथे विशेषण आणि क्रियापद आदर दाखवतच नाहीत.

दुरुस्ती: वाक्यं काढून तुटक नोंदी करायच्या.

‘शेजारघर. काकू, वय पन्नास. माळ्यावरचा डबा काढायचाय. इथे शिडी नाही. काकूंच्या घरी आहे.’

तरीही ‘काकूंच्या’ मधल्या अनुस्वारानं फितुरी केलीच. ‘काकूच्या’ लिहिलं तर उलट्या बाजूनं फितुरी. शेवटचं रूप: ‘इथे शिडी नाही, शेजारघरी आहे.’ सोळाही प्रसंग असे घासायला दोन दिवस गेले. तपासण्याची युक्ती अशी: प्रसंगातला प्रत्येक शब्द तू-वाल्या आणि तुम्ही-वाल्या दोन्ही उत्तरांपुढे ठेवून मोठ्यानं वाचायचा. कुठे खटकतं का ते कानाला कळतं, डोळ्याला नाही.

२१ ऑगस्ट

सुधारलेली प्रश्नावली लेखी घेतली, तर उत्तरांत ‘कृपया’. हा शब्द पाटीवर राहतो (‘कृपया चपला बाहेर काढा’). तोंडात तो सहसा येतो तो चिडून नाहीतर चेष्टेनं. लेखी उत्तरात ‘कृपया’ दिसला की समोरचा परीक्षेला बसलाय असं समजावं. ‘देऊ शकाल का’ हेही तसंच, कागदावर भरपूर आणि काउंटरवर विरळ.

म्हणून तोंडी पद्धत. प्रसंग आधीच रेकॉर्ड केलेल्या आवाजात ऐकवायचा आणि उत्तर लगेच बोलायला लावायचं, तेही फोनच्या रेकॉर्डरवर. ‘ना’, ‘हं’, ‘जरा’, ‘अगं’ हे कागदावर कोणी लिहीत नाही, बोलताना मात्र निघतात. लेखी प्रती टाकल्या नाहीत. लेखी-तोंडी फरक हाच एक छोटा भाग करता येईल.

३ सप्टेंबर

रेकॉर्डिंगची मांडणी. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो, वेव्ह फाइल. हिशोब: ४४,१०० × २ बाइट × ३,६०० सेकंद, म्हणजे तासाला ३१८ एमबीच्या आसपास. रोज दोन तास धरले तर आठवड्याला साडेचार जीबी. दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर ‘ऑडिओ’ म्हणून पाठवू नये. फोनवरून फोनवर फिरवताना आवाज पुन्हा दाबला जाण्याचा धोका असतो आणि पुढे स्वराची उंची मोजताना त्रास होतो. केबल वापरावी.

स्वयंपाकघरात रेकॉर्डर ओट्यावर ठेवायचा नाही, मिक्सर लावला की ओटाच बोलतो. फ्रिजवरही नाही, त्याची घरघर खालच्या पट्टीत बसते. भांड्यांच्या मांडणीपासून लांब, भिंतीतल्या कोनाड्यात, खाली चौपदरी नॅपकिन. आवाजाचं शिखर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवावी. कुकरची शिट्टी तरीही फाटणारच. ती फाटू द्यावी. तिच्यासाठी पातळी खाली आणली तर माणसं ऐकू येत नाहीत. पहिली पंधरा मिनिटं वापरायची नाहीत, त्यात सगळे आकाशवाणीवर असल्यासारखे बोलतात.

१९ सप्टेंबर

लिप्यंतर (रेकॉर्ड केलेलं बोलणं लिहून काढणं) सुरू. दहा मिनिटांच्या बोलण्याला सव्वा ते दीड तास धरून चालावं. भाजीच्या काउंटरवर तिघं एकदम बोलतात तिथे याच्या दुप्पट. चिन्हं जेफरसन पद्धतीची (बोलण्यातले सूर, विराम लिहून दाखवणारी), पण देवनागरीत ती जशीच्या तशी चालत नाहीत.

एक: लांबवलेल्या स्वराला त्या पद्धतीत अपूर्णविराम लावतात. देवनागरीत तो विसर्गासारखा दिसतो आणि घाईत विसर्गच टंकला जातो, मग शोध बिघडतो. आपल्याकडे ‘होऽऽ’ लिहायची सोय आधीपासून आहे. अवग्रह वापरला: ‘दे नाऽऽ’.

दोन: त्या पद्धतीत प्रश्नचिन्ह म्हणजे चढता सूर, प्रश्न नव्हे. लिप्यंतर करणाऱ्याचा हात मात्र ‘का’ दिसला की आपोआप प्रश्नचिन्ह काढतो. ‘देतोस का’ उतरत्या सुरातही येतं, आणि नेमकं तेव्हा त्यात धमकी असते. आधीच्या चार फाइली यासाठी पुन्हा ऐकाव्या लागल्या.

तीन: ‘ना’ आणि ‘नं’ वेगळे लिहायचे, ‘अहो’ आणि ‘ओ’ वेगळे. नंतर एकत्र करता येतात, एकदा एकत्र केलेले सुटे करता येत नाहीत.

२ ऑक्टोबर

ईलानमध्ये (रेकॉर्डिंगला वेळेनुसार नोंदी जोडायचं सॉफ्टवेअर) स्तर बांधले. प्रत्येक बोलणाऱ्याला एक मुख्य स्तर, त्याच्या पोटात पाच: हाक, गाभा, जोड, अव्यय, प्रतिसाद. किमतींच्या (त्या स्तरात चालणाऱ्या प्रकारांच्या) याद्या आधी तयार करून प्रत्येक स्तराला जोडायच्या, म्हणजे ‘आज्ञार्थ’ आणि ‘आज्ञार्थी’ असे दोन प्रकार जन्माला येत नाहीत. स्तरांचं नातं (कोण कोणाच्या पोटात) नोंदी भरण्याआधी ठरवावं. भरल्यावर ते बदलणं म्हणजे चालू घराचा पाया काढणं.

हाक-गाभा-जोड कसे सुटतात, नमुना:

‘अगं, जरा ती बरणी दे ना, हात पिठाचे आहेत माझे.’

‘अगं’ ही हाक. ‘जरा ती बरणी दे ना’ हा गाभा. तेवढंच उरलं तरी मागणी उभी राहते. ‘हात पिठाचे आहेत माझे’ ही जोड, इथे कारण देणारी. गाभा ओळखायची कसोटी हीच: बाकी सगळं काढा, मागणी उरते का बघा.

११ ऑक्टोबर

शोधात गोंधळ. अँटकॉंकमध्ये (मजकुरात शब्द शोधायचं सॉफ्टवेअर) ‘ना’ शोधलं तर काहीच नाही, आणि शब्दसूचीत नुसते ‘न’, ‘ब’, ‘घ’. कारण शब्द म्हणजे काय याच्या सेटिंगमध्ये फक्त ‘अक्षर’ हा वर्ग निवडलेला होता. युनिकोडच्या हिशोबात काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे अक्षर नाहीत, ‘चिन्ह’ या वेगळ्या वर्गात येतात. तो वर्ग निवडला नाही तर प्रत्येक मराठी शब्द मात्रेपाशी तुटतो. त्या वर्गावर टिक केली आणि शब्द सांधले गेले.

दुसरा घोळ डोळ्यांना दिसतच नाही. ‘अॅ’ दोन प्रकारे टंकता येतं: ‘अ’वर चंद्र चढवून किंवा ‘ॲ’ हे एकच अक्षर घेऊन. ‘दुसऱ्या’ मधला अर्धा र सुद्धा दोन प्रकारांनी: एक ‘ऱ’ पासून, दुसरा साध्या ‘र’ला अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखे, शोधात वेगळे. युनिकोडचं ठरीव सामान्यीकरण या दोन जोड्या एक करत नाही, बदली हातानंच लावावी लागते. फाइली आत घेतानाच चार ओळींची बदलीयादी चालवायची, नंतर नाही.

तक्ता एक्सेलमध्ये उघडताना देवनागरीचा चिखल झाला तर फाइल बिघडलेली नसते. डबल-क्लिक करू नये. ‘डेटा’मधून आयात करावी आणि यूटीएफ-८ निवडावं.

३० ऑक्टोबर

आता खरं काम. मागणीचे प्रकार लावण्यासाठी ब्लम-कुल्का, हाउस आणि कॅस्पर यांच्या १९८९ च्या पुस्तकातली नऊ पायऱ्यांची शिडी घेतली होती. सगळ्यात वरच्या पायरीवर थेट आज्ञार्थ, मग उघड ‘मी विनंती करतो’, कर्तव्य सांगणं, इच्छा सांगणं, सुचवणं, ‘देशील का’ सारखी रूढ अप्रत्यक्ष रूपं आणि तळाशी सूचकपणा. वरून खाली थेटपणा कमी होत जातो.

शंभर गाभे लावून पाहिले आणि शिडी तीन ठिकाणी डुगडुगली.

पहिलं, आज्ञार्थ. शिडीप्रमाणे तो सर्वांत थेट. मराठीत ‘बसा’, ‘घ्या’, ‘या ना’ हे आदरातिथ्य आहे. लीचनं (१९८३) सांगितलेली गोष्ट इथे लागू पडते: कृतीचा फायदा ऐकणाऱ्याला असेल तर थेटपणा सौम्य ठरतो. पंगतीत ‘अजून एक पोळी घ्या’ हे आग्रहाचं. ‘अजून पोळी घ्याल का?’ ही चौकशी, नकाराची वाट मोकळी ठेवणारी. पण हे सगळे आज्ञार्थ आपल्या व्याख्येत मागणीच नाहीत. वाढणारी काही मागत नाही. शंभरातून असे गाभे बाजूला काढले तेव्हा आज्ञार्थाची गर्दी पातळ झाली. हे आधी सुचायला हवं होतं.

दुसरं, इच्छा सांगणं. शिडीत ते ‘देशील का’च्या वर, म्हणजे जास्त थेट. किराण्यात मात्र ‘अर्धा किलो साबुदाणा हवा होता’ हे ‘अर्धा किलो साबुदाणा देता का?’ पेक्षा मऊ आहे. ‘देता का’ मध्ये ‘किती वेळ उभं करता’ ऐकू येतं. मऊपणा येतो ‘होता’ मधून. हवा आत्ता आहे, बोलायचं भूतकाळात. ‘जरा काम होतं’, ‘एक विचारायचं होतं’ हे त्याच घराण्यातले. शिडीला काळ दिसत नाही, तिला फक्त ‘इच्छा’ दिसते.

तिसरं, ‘मिळेल का’. झेरॉक्सच्या काउंटरवर हे राज्य करतं. ‘आजच मिळेल का?’, ‘पाठपोट मिळेल का?’, ‘स्पायरल संध्याकाळपर्यंत होईल का?’ वाक्यात करणारा माणूसच नाही. काम आपोआप होणार, प्रत आपोआप मिळणार. नकारही तसाच निर्मनुष्य येतो: ‘आज नाही मिळायचं, मशीन तापलंय.’ कोणी मागितलं नाही, कोणी नाकारलं नाही. ‘आजच काढून द्याल का?’ म्हटलं असतं तर ‘नाही’ म्हणायला माणूस लागला असता. शिडीत दोन्ही एकाच पायरीवर बसतात. इथे ते वेगळे लावले नाहीत तर झेरॉक्सच्या दुकानाबद्दल सांगण्यासारखं काही उरतच नाही.

८ नोव्हेंबर

शिडी मोडली. थेटपणाचा एकच आकडा देण्याऐवजी चार रकाने: क्रियारूप, कर्ता दिसतो की नाही, अव्यय, हाक.

क्रियारूपांची यादी सध्या अशी. दे–द्या. देतेस का–देता का. देशील का–द्याल का. देऊ शकतोस का. मिळेल का–होईल का. करता येईल का. हवं–हवं होतं–पाहिजे. घेऊ का. करू या. आणि ‘देणार आहेस की नाही’, जे रूपानं प्रश्न असलं तरी ऐकणाऱ्याला ते भांडणच वाटतं.

‘देऊ शकतोस का’ मुद्दाम सुटं ठेवलं. घरात त्याचा अर्थ बहुधा खरंच क्षमतेचा लागतो, तुझा हात पोचतो का असा. ऑफिस आणि कस्टमर केअरच्या मराठीत ते सरळ मागणी झालंय. ‘देशील का’त मिसळलं तर हा बदल दिसणार नाही.

‘करू या’ची टीप: ‘आपण हे उद्यापर्यंत संपवू या’ असं साहेब म्हणतात तेव्हा ‘आपण’मध्ये साहेब नसतात. रूप सर्वसमावेशक, काम एकट्याचं.

२२ नोव्हेंबर

दोघींनी स्वतंत्रपणे कोडिंग (प्रत्येक गाभ्याला प्रकार लावणं) करून जुळणी तपासली. नुसती टक्केवारी देऊ नये; दोनच पर्याय असतील तर डोळे मिटून लावलं तरी निम्मं जुळतं. कोहेनचा कप्पा, म्हणजे योगायोगाची जुळणी वगळून उरणाऱ्या जुळणीचं माप, काढायचा. सरावासाठी मांडलेला तक्ता, ‘कर्ता दिसतो / दिसत नाही’ या रकान्याचा, १०० गाभे:

दोघींचं ‘दिसतो’ ४५. दोघींचं ‘नाही’ ३५. पहिलीचं ‘दिसतो’ पण दुसरीचं ‘नाही’ १२. उलट ८.

जुळणी ८० म्हणजे ०.८०. पहिलीनं ‘दिसतो’ एकूण ५७ वेळा, दुसरीनं ५३ वेळा म्हटलं. योगायोगानं जुळणी: ०.५७ × ०.५३ + ०.४३ × ०.४७ = ०.५०४. कप्पा: (०.८० − ०.५०४) ÷ (१ − ०.५०४) = ०.६० च्या जवळ. ऐंशी टक्के ऐकायला छान वाटतं, ०.६० म्हणजे नियमावली अजून कच्ची.

जुळत नाही ते कुठे, हे आकड्यापेक्षा महत्त्वाचं. सगळ्यात जास्त भांडण ‘जरा’वरून. नियमावलीत ‘जरा’ म्हणजे सौम्य करणारं अव्यय असं लिहून ठेवलं होतं. ‘जरा पेन दे’ ठीक. ‘जरा गप्प बस’मध्ये मात्र तेच ‘जरा’ धार लावतं. ‘बरं’चंही तसंच: ‘उद्या आण बरं का’ लाडाचं, ‘बस बरं खाली’ दटावणीचं. अव्ययाला कायमची किंमत द्यायची नाही. आधी फक्त नोंद, किंमत प्रतिसाद बघून.

‘की’वरूनही एकदा अडलं. कोल्हापूर-सांगलीकडचं गिऱ्हाईक ‘द्या की’ म्हणतं, त्यात गळ आहे, आपलेपणा आहे. पुण्यात वाढलेल्या कानाला तो तगादा वाटला. तेव्हापासून बोलणाऱ्याबरोबर कोडिंग करणारीचा भागही नोंदवतो.

५ डिसेंबर

सूचक मागण्या. इथे मनातलं ओळखायचं नाही, पुढचं वाक्य बघायचं. स्वयंपाकघरातला नमुना:

अ: तीन शिट्ट्या झाल्या.
(०.८)
ब: चार करायच्यात.

‘अ’नं फक्त मोजणी सांगितली असती तर ‘ब’ला ‘हं’ पुरलं असतं. ‘चार करायच्यात’ हा गॅस बंद न करण्याचा खुलासा आहे, म्हणजे ‘ब’नं ते वाक्य ‘गॅस बंद कर’ असंच ऐकलं आणि नाकारलं. ०.८ सेकंदाची शांतताही साक्ष देते. नकाराआधी ती पडते, होकाराआधी सहसा नाही. पुढचं वाक्य ‘करते बंद’ असतं तरी निर्णय तोच. नुसतं ‘बरं’ आलं आणि कोणी हललं नाही, तर ‘अनिश्चित’ लिहायचं. असा रकाना ठेवायला लाजू नये. तो नसला की कोडिंग करणारा अंदाज ठोकतो.

भाजीवाल्याकडे एक वेगळंच. ‘मेथी कशी दिली?’ अजून दिलेली नाही, घेतलेलीही नाही, तरी भूतकाळ. हा भाव विचारणं आहे, मागणी नव्हे. पण ‘वीसला एक’ वर गिऱ्हाईक ‘नीट लावा’ म्हणतं, ती मात्र मागणी, भाव कमी करण्याची. ‘लावा’ आज्ञार्थ असून कोणी दुखावत नाही. हाकेनं तोल सांभाळलेला असतो: ‘मावशी, नीट लावा.’ आणि ‘मावशी’ ही हाकही सरळ नाही. भाजीवालीला मावशी, धुणंभांडी करणारीला मावशी. बँकेच्या काउंटरवरच्या त्याच वयाच्या बाईंना मॅडम. नात्याचा शब्द आहे म्हणून ‘जवळीक’ असा शिक्का मारायचा नाही.

१८ डिसेंबर

‘दे ना’चा सूर प्रातमध्ये (आवाज मोजायचं सॉफ्टवेअर) मोजला. सेटिंग: पुरुषांना ७५ ते ३००, बायकांना १०० ते ५०० हर्ट्झ. न बदलता सगळ्यांना एकच ठेवलं तर रेषा मध्येच दुपटीवर उडी मारते आणि आर्जव सापडल्याचा भास होतो.

अडचणी दोन. ‘ना’ वाक्याच्या शेवटी येतो आणि शेवटी आवाज घोगरा होतो. तिथे रेषाच सापडत नाही. म्हणून उंचीबरोबर लांबीही मिलिसेकंदात मोजायची. दुसरी: ‘म्हण ना’, ‘आण ना’ यांत अनुनासिकाला अनुनासिक चिकटतं आणि ‘ना’ कुठे सुरू झाला ते चित्रात दिसत नाही. ‘बघ ना’, ‘थांब ना’, ‘दे ना’ एवढेच घ्यायचे. कानाला जे कळतं तेच दिसलं: लांबवलेला, सपाट किंवा चढता ‘नाऽऽ’ गळ घालतो; आखूड आणि पडता ‘ना’ वैतागतो. ‘मी ना, काल ना’ मधला ‘ना’ या मापात घ्यायचा नाही, तो फक्त बोलण्याची पाळी धरून ठेवतो.

९ जानेवारी

आकडेमोड सुरू केली आणि ४ जुलैची खोट बाहेर आली. ठिकाण आणि ओळख एकमेकांत अडकलेत. घर म्हणजे ओळख पूर्ण, झेरॉक्स म्हणजे ओळख नाही. मग ‘मिळेल का’ झेरॉक्सला जास्त येतं ते दुकानामुळे की अनोळखीपणामुळे? या सामग्रीवरून सांगता येत नाही. उपाय अर्धाच आहे: झेरॉक्सवाल्याशी रोजची ओळख असलेली गिऱ्हाइकं आणि घरी आलेले पाहुणे वेगळे काढणं. त्यासाठी सहा तासांचं जादा रेकॉर्डिंग लावलंय.

काय-स्क्वेअर (दोन गोष्टींचा संबंध योगायोगाचा आहे का हे तपासणारी चाचणी) नको. त्याला प्रत्येक निरीक्षण स्वतंत्र लागतं; इथे एकाच दुकानदारिणीच्या ढीगभर मागण्या आहेत. ‘आर’ या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये मिश्र लॉजिस्टिक प्रारूप, बोलणारी व्यक्ती यादृच्छिक घटक म्हणून, म्हणजे एकाच व्यक्तीच्या मागण्या एकत्र धरल्या जातात. दोन-तीनदाच आलेली क्रियारूपं प्रारूपात कोंबायची नाहीत, ती गद्यात लिहायची.

२ फेब्रुवारी

नावं बदलली. बदललेलं नाव तेवढ्याच अक्षरांचं आणि त्याच सामाजिक वासाचं घ्यावं. ‘शांताक्का’चं ‘रिया’ केलं तर ‘अक्का’ ही हाकच पुसली जाते. आवाजाच्या फाइलीत नावाचा तुकडा प्रातमध्ये निवडून शून्य करायचा, कापायचा नाही. कापला की पुढच्या सगळ्या वेळा सरकतात आणि ईलानमधल्या नोंदी घसरतात. खऱ्या-बदललेल्या नावांची यादी वेगळ्या डिस्कवर.

जादा रेकॉर्डिंगपैकी चार तास हाती आले, दोन बाकी. पाहुण्यांच्या पहिल्या फाइलीत पाणी मागताना ‘पाणी मिळेल का?’ आलंय, घरातच. मशीन नाही, काउंटर नाही. नियमावलीची तिसरी आवृत्ती यासाठी थांबवली आहे.